परुळेकरांचा जिवंत मासा

गुरुदत्त परुळेकरांच्या मते ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या खाडीत मासा धरता येणारी माणसं ढिगानं होती, पण धरलेला मासा जिवंत ठेवता येणारा माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी दाढी करताना त्यांना आरशात दिसायचा. बाकीचे सगळे हपापलेले. मासा गळाला लागला की यांच्या डोळ्यांसमोर तवाच येतो, असं परुळेकर म्हणायचे, आणि ज्याच्याविषयी म्हणायचे त्याच्या तोंडावर म्हणायचे.

डोंबिवलीतल्या एका रंगांच्या कारखान्यात ते सुरक्षा अधिकारी होते. उभी हयात लोकांवर ओरडण्यात गेली. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, पायरीवर उभं राहू नका. निवृत्त झाल्यावर ओरडायला घरात फक्त बायको उरली, आणि चित्राबाई काही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. मुलगा बंगळुरूला होता. बापाचं बोलणं ऐकण्यापेक्षा त्याला तिथलं घरभाडं परवडत होतं. तेव्हा परुळेकरांनी एक कयाक विकत घेतली आणि एक क्लब काढला.

कयाक म्हणजे प्लास्टिकची, एका माणसापुरती, निमुळती होडी. पाय लांब करून बसायचं, दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारायचं, आणि मनासारखी जागा सापडली की गळ टाकायचा. परुळेकरांना हे फार आवडलं, कारण होडीत दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

क्लबाची स्पर्धा दिवाळीनंतरच्या रविवारी, डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या धक्क्यावर व्हायची. नियम परुळेकरांनीच घातलेला. मासा जिवंत आणायचा, धक्क्यावर वजन करायचं आणि सगळ्यांसमोर पाण्यात सोडायचा. आपल्या बळावर पोहून गेला तर वजन धरायचं, उलटा होऊन तरंगला तर शून्य. ज्याचा जिवंत मासा सगळ्यात जड, त्यानं पुढचं वर्षभर नव्या मेंबरांना शिकवायचं, आणि क्लबात ‘सर’ म्हणायचं ते त्यालाच. हा नियम घालताना आपल्याशिवाय दुसरं कुणी सर होऊ शकेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कयाकवर मासा जिवंत ठेवणं सोपं काम नाही, हे मात्र खरं. मोठ्या बोटीत टाकी असते, पाणी खेळवायला पंप असतो. इथे माणसाच्या पायांचीच पंचाईत. कुणी पाठीमागे पाण्याचा खोका ठेवतं आणि त्यात बॅटरीवरची हवेची मोटार सोडतं. कुणी जाळीची लांब पिशवी होडीच्या कडेला पाण्यात लटकवतं. मासा त्यात धडपडतो, दमतो, आणि धक्क्यावर पोचेपर्यंत मान टाकतो. परुळेकर दर वर्षी खोक्यात मासा आणायचे, तो टुकटुकीत पोहत जायचा, आणि मग ते तासभर बोलायचे.

गेल्या वर्षी घोटाळा झाला तो बोलण्यानंच. खोक्यात चांगला भरलेला जिताडा होता. जिताडा म्हणजे या खाडीचा राजा. आगरी माणसाला विचारा, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल आणि तोंडालाही सुटेल. वजनाला अजून वेळ होता. धक्क्यावर नवे मेंबर कोंडाळं करून उभे होते. परुळेकरांना राहवलं नाही. ‘‘हवेची मोटार एक क्षणही बंद करायची नाही,’’ असं त्यांनी सुरू केलं. मोटार घरघरत होती, त्यांचा आवाज नीट पोचत नव्हता, म्हणून त्यांनी ती बंद केली. मग खोका उन्हात ठेवून ते पाण्यातल्या प्राणवायूविषयी बोलले, माशाच्या मनःस्थितीविषयी बोलले, आणि डोंबिवलीकरांच्या बेफिकिरीविषयी तर पोटभर बोलले. शेवटी झाकण उघडलं तेव्हा जिताडा पोट वर करून पडला होता.

‘‘सर,’’ ठाकुर्लीचा साईनाथ म्हणाला, ‘‘मासा पण पकला वाटतं.’’

साईनाथचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. वजनकाटा त्याच्या ताब्यात असायचा. त्याच्या त्या एका वाक्यावर धक्का इतका हसला की धक्क्यावरची कुत्री उठून उभी राहिली. त्या वर्षी सर झाली बाळकुमची शेरॉन. दाताच्या दवाखान्यात काम करणारी पोरगी, कानात डूल, तोंडात च्युइंगगम, आणि मासा आणला तो जाळीच्या साध्या पिशवीत. विचारलं तर म्हणाली, ‘‘काय नाय केलं हो, गप बसलेली.’’

त्या पोरीला लोक सर म्हणायला लागले. थट्टेनं म्हणायचे, पण म्हणायचे. परुळेकरांना ‘परुळेकर काका’ म्हणायला लागले. काका! हा शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. रविवारी ते धक्क्यावर गेले की नवे मेंबर शेरॉनभोवती जमलेले असायचे, आणि ती त्यांना दोन वाक्यं सांगून चहा प्यायला जायची. परुळेकर एका बाजूला उभे राहून नाक मुरडायचे. त्यांचं सगळं ज्ञान पोटात साठून राहिलं होतं, आणि ते कुणाच्या डोक्यात रिकामं करायचं हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. चित्राबाईंनी तर पहिल्याच आठवड्यात हात जोडले होते.

पण परुळेकरांकडे एक गोष्ट होती जी क्लबात कुणाला ठाऊक नव्हती. कल्याणजवळ मोहन्याच्या पलीकडे चित्राबाईंच्या भावाची जमीन होती. कोणे एके काळी तिथे वीटभट्टी चालायची. माती काढून काढून मोठा खड्डा झाला, त्यात पाणी साठलं आणि त्याचं तळं झालं. भाऊ नाशकात, जमीन ओसाड. परुळेकर तिथे कयाक चालवायला शिकले होते. हौसेच्या भरात त्यांनी अलिबागकडून जिताड्याची पिल्लं आणून त्या तळ्यात सोडली होती. पिल्लांनी एकमेकांना खाल्लं. उरला एक.

‘‘सगळे मूर्ख खाऊन जो उरला तो,’’ परुळेकर कौतुकानं म्हणाले होते. त्या माशात त्यांना नातं दिसलं.

आता तो जिताडा दांडगा झाला होता, शेरॉनच्या गेल्या वर्षीच्या माशापेक्षा सहज भारी. परुळेकरांनी बेत केला. त्याला फसवणूक म्हणायला त्यांची तयारी नव्हती. फसवणूक सामान्य माणसं करतात. आपण फक्त एका पोरीच्या नशिबानं बिघडलेला क्रम दुरुस्त करतो आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि स्वतःचं म्हणणं त्यांना नेहमीप्रमाणे ताबडतोब पटलं.

नुसता मासा नेऊन भागणार नव्हतं. तो धक्क्यावर जिवंत राहायला हवा होता, आणि तोही जाळीच्या पिशवीत, त्या पोरीच्याच पद्धतीनं, म्हणजे तिचं नाक कापलं जाईल. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीपासून ते रोज मोहन्याला जायला लागले. तळ्यात कयाक लोटायची. वल्हं होडीच्या कडेवर तीनदा आपटायचं, डब डब डब. पाण्यात कोलंबी टाकायची. पहिले काही दिवस मासा लांबून बघायचा. मग जवळ आला. मग कोलंबी पिशवीच्या तोंडाशी मिळायला लागली, मग पिशवीच्या आत. गणपती बसले तोवर असं झालं, की तीन ठोके पडले की जिताडा तळ्याच्या दुसऱ्या टोकावरून सरळ यायचा, स्वतःहून पिशवीत शिरायचा आणि तोंड उघडून थांबायचा. परुळेकर पिशवीच्या तोंडाची चेन ओढायचे, त्याला पाण्यातून फिरवून आणायचे, पुन्हा सोडायचे. धडपड नाही, काही नाही. गुपचूप पडून राहायचा.

घाबरलेला मासा मरतो, न घाबरलेला मरत नाही. इतकी साधी गोष्ट. आयुष्यात पहिल्यांदाच परुळेकरांना मासे जिवंत ठेवण्यातलं खरंखुरं काही कळलं होतं, आणि नेमकं तेच कुणाला सांगता येत नव्हतं. हा आपल्यावर झालेला मोठा अन्याय आहे असं त्यांना वाटायचं.

‘‘जेवला का तुमचा जावई?’’ ते घरी आले की चित्राबाई विचारायच्या. माशाला जावई हे नाव त्यांचंच. घरात कोलंबी आली की आधी जावयाची बाजूला निघते, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

‘‘तो प्रयोग आहे,’’ परुळेकर म्हणायचे.

‘‘मला इतकी वर्षं झाली या घरात, माझ्यासाठी कधी कोलंबी सोललीत?’’

‘‘तुला काय कळतंय त्यातलं!’’

‘‘तेही खरंच. मी कुठं ठोका वाजवला की येते!’’

स्पर्धेच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मासा निळ्या पिंपात घातला, पिंप गाडीत चढवलं, हवेची मोटार दोनदा तपासली. चित्राबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. भावाच्या जमिनीला कुंपण घालायचं म्हणून बघायला आल्या होत्या. पिंपाकडे वळून त्या म्हणाल्या, ‘‘आज उपाशीच का हो ठेवलंत त्याला?’’

‘‘प्रवासात पोट रिकामं हवं. भरल्या पोटी पाणी घाण करतो, आणि त्याच पाण्यात गुदमरतो. हे शास्त्र आहे.’’

‘‘आणि उद्या काय, सोडून देणार त्याला खाडीत?’’

‘‘नियमच आहे तसा.’’

चित्राबाईंनी पुन्हा एकदा पिंपाकडे वळून पाहिलं. ‘‘तळ्याबाहेरचं काही पाहिलेलं नाही हो त्यानं,’’ त्या म्हणाल्या. परुळेकरांनी गाडी सुरू केली. बायकांना माशांतलं कळत नाही, हे त्यांचं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

खाडीच्या वळणावर, तिवरांच्या दाटीत, त्यांनी मासा जाळीच्या पिंजऱ्यात घालून पाण्यात बांधून ठेवला, आणि सूर्य बुडायच्या आत घरी येऊन वरण-भात जेवले.

रविवारी सकाळी भरती चढत होती. धक्क्यावर रंगीबेरंगी कयाक ओळीनं लागल्या होत्या. कुणी आधीच मासा लपवून आणलेला नाही ना, म्हणून साईनाथनं प्रत्येकाची होडी आतून-बाहेरून तपासली. परुळेकरांच्या कयाकला पिशवी लटकलेली बघून त्याच्या भुवया वर गेल्या.

‘‘काय काका, खोका कुठंय? यंदा पिशवी?’’

‘‘खोका अडाण्यांसाठी,’’ परुळेकर म्हणाले.

‘‘गेल्या साली तर पिशवीवाले अडाणी होते ना?’’

शेरॉन शेजारीच होडीत बसत होती. ‘‘ए साई, जाऊ दे ना,’’ ती म्हणाली. ‘‘बेस्ट लक हां, काका.’’

ती मनापासून म्हणाली होती. परुळेकरांना ते शिवीपेक्षा झोंबलं. पोरींनी आपली कीव करावी इतके दिवस आले, असं वाटून त्यांनी वल्हं जोरात मारलं आणि तडक वळणाकडे निघाले.

ते तिवरांत शिरले. पिंजरा तिथेच होता, मासाही होता, आणि जिवंत होता. त्यांनी कडेवर तीन ठोके हळूच मारले. जिताडा पिंजऱ्याच्या जाळीला येऊन लागला आणि त्यानं तोंड उघडलं. कालपासून उपाशी होता बिचारा. परुळेकरांनी खिशातून काढला तो गळ. पकडलेल्या माशाच्या ओठाला खूण हवी, साईनाथ बघतो. उघड्या तोंडात हात घालून त्यांनी गळाचं टोक ओठातून आरपार काढलं. मासा शहारला, पण त्यानं तोंड मिटलं नाही. कोलंबीची वाट बघत राहिला.

त्या क्षणी परुळेकरांना स्वतःची किळस आली. अगदी खरी किळस. आयुष्यात हा अनुभव नवा असल्यानं तिचं काय करावं ते त्यांना समजेना, म्हणून तिचं खापर त्यांनी शेरॉनवर फोडलं आणि गळ सोडवून घेतला. तिनं गेल्या वर्षी गप्प बसून मासा जगवला नसता, तर आपल्यावर ही वेळ आली नसती. मासा पिशवीत गेला. पिंजरा त्यांनी दगड बांधून बुडवला. मग दुपारपर्यंत तिवरांच्या सावलीत, पाण्यात नुसती दोरी टाकून, ते भाषणाची मनातल्या मनात उजळणी करत बसले.

स्पर्धा संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा ते सगळ्यात शेवटी, सगळ्यात सावकाश धक्क्याला आले. बाकीच्यांची नेहमीचीच तऱ्हा. एकाचा मासा मेलेला होता आणि तो त्याची शेपटी दोन बोटांनी हलवून ‘‘बघ बघ, हलतोय,’’ म्हणत होता. दुसऱ्यानं शिंगटी आणली होती, तिला मारूनही मरण नाही, म्हणून तो फुशारला होता. परुळेकरांनी दोघांकडेही अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी मासे झाकले. शेरॉनचा जिताडा वजनाला चांगला भरला, पाण्यात सोडताच एक गिरकी घेऊन दिसेनासा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग परुळेकरांनी पिशवी वर घेतली आणि टाळ्या थांबल्या.

‘‘आयला,’’ साईनाथ म्हणाला. त्यानं ओठावरची खूण पाहिली, काटा पाहिला, पुन्हा काटा पाहिला. शेरॉनच्या माशाहून हा चांगला सव्वापट होता. परुळेकर धक्क्याच्या पायऱ्यांना लागून कयाकमध्येच बसले होते. मासा पुन्हा त्यांच्या हातात आला. त्यांनी त्याला दोन्ही हातांवर, आंघोळीच्या पोरासारखं, पाण्यात धरलं आणि सोडलं. जिताडा क्षणभर घुटमळला. मग शेपटीचा एकच फटका मारून धक्क्याच्या खांबांच्या सावलीत गेला.

‘‘पोहून गेला,’’ साईनाथ ओरडला. ‘‘एक नंबर! मान गये, सर!’’

सर. तो शब्द ऐकून परुळेकरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेरॉननं पुढे होऊन हात मिळवला. ‘‘भारी सर. एकदम शांत होता हो मासा. मी असा कधी बघितला नाही. कसं केलंत?’’

कसं केलंत! वर्षभर हा प्रश्न ऐकायला त्यांचे कान आसुसले होते. धक्क्यावर सगळे मेंबर, त्यांच्या बायका, बघे, कुणाच्या हातात वडापाव, कुणाच्या हातात मोबाइल. परुळेकरांनी घसा खाकरला.

‘‘मासा जिवंत ठेवणं,’’ ते म्हणाले, ‘‘हा वकुबाचा प्रश्न आहे. तुमच्यापैकी बहुतेकांकडे तो नाही, हे मी स्पष्ट सांगतो. मासा माणूस ओळखतो. धसमुसळ्या माणसाच्या हातात तो मरतो, कारण त्याला जगावंसंच वाटत नाही. गेल्या वर्षी जे झालं तो बॅटरीचा दोष होता...’’

‘‘मोटार तुम्हीच बंद केलेली,’’ मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, कुणाचं पोर रडायला लागलं, साईनाथ वडापाववाल्याला हाका मारायला लागला. पुन्हा तेच. इतका मोठा मासा आणला, पोहत घालवला, तरी ही माणसं ऐकत नाहीत म्हणजे काय? परुळेकरांचं डोकं फिरलं. कारखान्यात गोंगाट झाला की ते लोखंडी पाइप रेलिंगवर आपटायचे. हात आपोआप उठला.

‘‘शांतता!’’ ते ओरडले, आणि वल्हं होडीच्या कडेवर आपटलं.

डब. डब. डब.

शांतता झाली. एवढी छान शांतता त्यांना कधी मिळाली नव्हती. तिसऱ्या ठोक्याला आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं आणि तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

खांबांच्या सावलीतून पाण्यात एक रेघ उठली. ती सरळ कयाककडे आली. पिशवी अजून होडीच्या कडेला लटकत होती, तिचं तोंड पाण्यात उघडं होतं. जिताडा कुठेही न घुटमळता तिच्यात शिरला, आत जाऊन वळला, आणि ओठाच्या फाटलेल्या जागेसकट तोंड उघडून थांबला.

परुळेकरांनी वल्ह्याच्या टोकानं त्याला हळूच ढकललं. ‘‘जा,’’ ते दबक्या आवाजात म्हणाले. ‘‘जा ना.’’ वल्हं कडेला लागून पुन्हा वाजलं. मासा आणखी आत सरकला.

धक्क्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. परुळेकरांकडे हसणाऱ्यांसाठी उत्तरं होती. साईनाथनं हातातला वडापाव खाली ठेवला. ‘‘पाळलेला आहे,’’ तो म्हणाला, कुणाला उद्देशून नव्हे, नुसतंच. एकेक माणूस पायऱ्या उतरून खाली आला आणि पिशवीत वाकून बघून बाजूला झाला, मयताला आल्यासारखा.

शेरॉन शेवटच्या पायरीवर उकिडवी बसली होती. तिनं माशाकडे पाहिलं, मग परुळेकरांकडे पाहिलं. तिच्या नजरेत कीव नव्हती. परुळेकर आयुष्यभर ज्या नजरेनं लोकांकडे बघत आले होते तीच नजर होती, आणि ती कशी असते हे त्यांना पहिल्यांदा समोरून दिसलं.

‘‘काका,’’ ती म्हणाली, ‘‘त्याला खायला द्या काहीतरी. थांबलाय तो.’’

परुळेकरांनी खिसे चाचपले. एका खिशात गळ होता. दुसऱ्यात काहीच नव्हतं.